कोरड्या हौदाचे फेरे

बाबा, काल किल्ल्यात पुन्हा पळण्यावरून भांडण झालं. तुम्ही असता तर तुम्हाला आधी हसू आलं असतं आणि मग राग, तुमच्या नेहमीच्या क्रमानं. आपल्या गावात आता सकाळी पळणाऱ्यांचा एक गट झालाय. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर गावाचं नाव, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. त्यांना किल्ल्याचा दरवाजा उजाडायच्या आधी उघडून पाहिजे. आमच्यासारखी सावकाश चालणारी म्हातारी माणसं त्यांच्या वाटेत येतात, म्हणून ते मागून "साइड, साइड" असं ओरडत येतात. काल एका निवृत्त तलाठ्यांनी साइड दिलीच नाही. वाटेच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हा किल्ला हाय, शर्यतीचं मैदान न्हाई." पळणारा गडी डॉक्टर, तोही ऐकणारा नव्हे. "काका, तुमचं बीपी मीच तपासतो. जरा दमानं घ्या." त्यात इतिहासाची आवड असलेले दोघे-तिघे पडले. त्यांचं म्हणणं, एवढे पाय आपटून जुन्या फरशा निखळून राहिल्यात. पुरातत्त्व खात्याचा आताचा पहारेकरी खुर्चीतून उठलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "काय असंल ते लेखी द्या." लेखी म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी निवृत्त शिक्षिका आणि माझं अक्षर चांगलं. मी घरी येऊन कागद घेतला आणि 'प्रति' लिहायच्या जागी 'बाबा' असं लिहून बसले.

कारण या किल्ल्यात पळण्यावरून पहिलं भांडण तुम्ही केलं होतं. ज्यांना ते दिवस आठवतात ते आता भलतंच काही सांगतात, आणि त्यांना दुरुस्त करायला तुम्ही नाही. लातूर नवा जिल्हा होऊन तेव्हा थोडाच काळ झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलेलं, पण रंग पातळ, त्यामुळं खालचं उस्मानाबादही वाचता यायचं. पावसानं पाठ फिरवलेली. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची, भांडायची आणि अर्ध्या घागरीवर समाधान मानून परतायची. मी लातूरला डी.एड. करत होते, पण वसतिगृहाचं पाणी संपलं म्हणून आम्हाला घरी धाडलं होतं. सकाळी तुमचा चहा किटलीत घालून किल्ल्यात आणून देणं हे माझं काम. म्हणून हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही किल्ल्याचे पहारेकरी. आपल्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. खाकी कपडे, पितळी बिल्ला आणि तो हातभर लांबीच्या किल्ल्यांचा जुडगा, जो तुम्ही जेवतानाही मांडीशी ठेवायचात. दरवाज्याजवळ खात्याची निळी पाटी होती. तिच्यावरचं सगळं कलमांसकट तुम्हाला पाठ होतं आणि पाहुणे आले की तुम्ही ते त्यांना म्हणून दाखवायचात. त्या नोकरीची तुम्हाला एकच धास्ती होती. नांदेडकडच्या कुठल्याशा गढीवरच्या पहारेकऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकली होती. त्याचा डोळा चुकवून कुणीतरी एका दगडाला शेंदूर फासला, दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, आठवड्यात घंटा टांगली गेली, आणि खात्यानं विचारलं की तू काय करत होतास. त्याची नोकरी गेली. "एक नारळ," तुम्ही बोट वर करून सांगायचात, "एक नारळ फुटला की आपली भाकर गेली."

तेव्हा नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले. आपल्या गावातल्या कचेरीत आलेले हे साहेब तरणे, पुण्याकडचे, चष्मेवाले. पहिल्याच सकाळी पांढरी हाफ पँट आणि पांढरे कापडी बूट घालून किल्ल्यात शिरले आणि पळत सुटले. किल्ल्याच्या मधोमध तो दगडी पायऱ्यांचा मोठा हौद, त्याच्याभोवती सपाट जागा. साहेब त्या हौदाभोवती गोल गोल पळायला लागले. मी किटली घेऊन उभी, आणि तुम्ही काठी घेऊन त्यांच्या मागं पळताय.

"साहेब, कामून पळून राहिले? कुणी मागं लागलंय का?"

"नाही, नाही. व्यायाम."

"मग मागं बघून का राहिले?"

"तुम्ही मागे लागलात म्हणून!"

थांबून दोघांनी दम घेतला. तुम्ही पाटीवरची कलमं म्हणून दाखवली. साहेबांनी शांतपणे विचारलं, "यात पळू नये असं कुठं आहे?" तुम्ही पाटी मनातल्या मनात पुन्हा वाचलीत. नव्हतं. घरी येऊन तुम्ही मायला म्हणालात, "सरकारला तरी काय माहीत, की असं बी माणूस निघंल म्हणून."

पण खरं भांडण त्यानंतरचं. साहेब रोज येतात, रोज पळतात. किती फेऱ्या झाल्या ते विसरू नये म्हणून प्रत्येक फेरीला एक खडा हौदाच्या काठावर ठेवतात. पळताना बोलत नाहीत, दम लागतो म्हणून. कुणी रामराम घातला तर नुसतं डोकं हलवतात. त्यांच्या शिपायानं चहाच्या टपरीवर सांगितलं, की साहेब सकाळी तोंडात काहीही घालत नाहीत, आल्यावर आंघोळ करतात, मगच खातात. आता तुम्हीच सांगा, दुष्काळ पडलाय, प्यायला पाणी नाही, आणि एक मोठा अधिकारी पहाटे उपाशीपोटी, मौन धरून, खडे मोजत, कोरड्या हौदाला फेऱ्या घालतोय. लोकांनी काय समजावं? लोक समजले, की साहेबांनी पावसासाठी नवस बोललाय.

तुम्ही टपरीवर जाऊन ओरडून सांगितलंत, "आरं बाबांनो, तो व्यायाम हाय, व्यायाम!" तेव्हा टपरीवाल्यानं जे उत्तर दिलं त्याला तुम्हाला जन्मभर तोड सापडली नाही. तो म्हणाला, "येवढा शिकलेला माणूस उगंच पळंल का?"

मग सकाळी किल्ल्यात गर्दी व्हायला लागली. बाया हौदाच्या पायरीवर बसून साहेबांकडं हात जोडून बघायच्या. साहेबांना आधी वाटलं, गावात व्यायामाची आवड निर्माण होतेय. ते खूश झाले, आणखी जोरात पळायला लागले. आणि एके सकाळी त्या खड्यांच्या ढिगावर तुम्हाला हळदकुंकू दिसलं. तुम्ही काठी टाकली, रुमालानं कुंकू पुसलं, खडे खंदकात भिरकावले आणि थेट साहेबांच्या समोर जाऊन आडवे उभे राहिलात.

"साहेब, हात जोडतो. गोल पळू नका. सरळ पळा. त्या बुरजापस्तोर जा, वापस या. पण गोल न्हाई."

"अहो, पण त्यानं काय फरक पडतो?"

"तुम्हाला न्हाई पडत. माझी नोकरी जाऊन राहिली."

तुम्ही त्यांना शेंदराची गोष्ट सांगितलीत. साहेबांना हसू आवरेना. "मी सायन्सचा माणूस आहे. लोकांच्या अंधश्रद्धेपुढे मी दिशा बदलायची?" म्हणजे तुमचं दोघांचं मत एकच होतं, आणि त्यावरूनच तुम्ही दोघं भांडत होतात. शेवटी साहेब म्हणाले, सार्वजनिक जागा आहे, मी गोलच पळणार. तुम्ही म्हणालात, दरवाजा सूर्योदयाला उघडण्याचा नियम आहे, मी एक क्षण आधी उघडणार नाही. ते बाहेर उड्या मारत उभे, तुम्ही आत किल्ली धरून पूर्वेकडं बघत उभे. मी दरवाज्यातल्या छोट्या दिंडीच्या फटीतून तुम्हाला चहा दिलाय, साहेब मात्र हातानंच नको म्हणायचे.

तेवढ्यात गावाला नवाच शोध लागला. साहेब फेऱ्या घालतात खऱ्या, पण उलट्या! हौद त्यांच्या डाव्या हाताला असतो. शाळेच्या मैदानावर शर्यतीत पळतात तसे. देवाला प्रदक्षिणा घालायची तर देव उजव्या हाताला पाहिजे. "म्हणूनच पाऊस मागं सरकून राहिला," असं ठरलं. माणसं तुमच्याकडं आली. पुढं होते मालक, किल्ल्याच्या खंदकाला लागून ज्यांची जमीन, ज्यांच्या शेतात आज्यानं उभा जन्म काढला. मालक तुम्हाला अरे-तुरेच करायचे. "ए चौकीदार, सांग तुझ्या सायेबाला. सुलट फिर म्हणावं. आन् पायातले बूट बी काढ म्हणावं."

त्या दिवशी दुपारी तुम्ही घरी आलात. मग मायला म्हणालात, "मी बी पळणार." मायनं भाकरी थापायची थांबवून तुमच्याकडं पाहिलं. तुमचा विचार तसा अगदी सरळ होता. साहेब पळतात तर नवस वाटतो. पण पहारेकऱ्यासारखा साधा माणूसही पळायला लागला, खोकत, धापा टाकत, तर लोकांना कळेल की पळणं ही कुणीही करायची साधी गोष्ट आहे, तिच्यात देवाचं काही नाही. मला तो विचार फार पटला होता. मायला नाही. ती म्हणाली, "आवं, तुमच्या गुडघ्याला इचारलं का?"

पण एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली नाही आणि माझ्याही. तुम्ही गस्त घालायचात ती नेहमी दरवाज्यापासून डावीकडून सुरू करून, हौद उजव्या हाताला ठेवून. वर्षानुवर्षांची पायाची सवय. सकाळी तुम्ही खाकी चड्डीची नाडी आवळून पळायला लागलात आणि पाय आपोआप सवयीच्या दिशेनं गेले. साहेब उलटे, तुम्ही सुलटे. प्रत्येक फेरीत दोघं समोरासमोर येताय, एकमेकांकडं रागानं बघताय आणि पुढं जाताय. पायऱ्यांवरच्या बाया उभ्या राहिल्या. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सुलट फिरून राहिला! चौकीदारच खरा!" मी किटली खाली ठेवली आणि तोंडात पदर कोंबून हसले. तुम्ही तेव्हा माझ्याकडं पाहिलंत ते मला अजून दिसतं.

त्याच आठवड्यात साहेब घसरले. कुणीतरी गुपचूप फोडलेल्या नारळाची करवंटी वाटेत पडली होती, तिच्यावर त्यांचा पाय गेला आणि घोटा मुरगळला. गावानं निकाल दिला की उलट फेऱ्यांचं फळ मिळालं. साहेब पाय लेपात बांधून कचेरीत बसू लागले आणि किल्ल्यात तुम्ही एकटे उरलात. तुम्ही पळणं लगेच थांबवलंत. पण लोक थांबले नाहीत. एका सकाळी मालक आले. धोतर आवरलं, खाली वाकले आणि तुमच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं. विंचू दिसावा तशी तुम्ही मागं उडी मारलीत.

"मालक, हे काय करून राहिले? उठा!"

"पडू द्या. हिरीला पाणी न्हाई, गुरं चालली. तुमी फेऱ्या सोडू नका, आवं, एवढं आयका माझं."

आवं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि मला त्यांची कीवही आली. तुम्ही मात्र घरी येऊन भिंतीला टेकून बसलात. चहा गार झाला. मग म्हणालात, "ह्या माणसानं माझ्या बापाला कधी ओट्यावर बसू दिलं न्हाई. मी मॅट्रिक झालो, त्यानं पाहिलं न्हाई. मी सरकारी नोकरीत लागलो, त्यानं पाहिलं न्हाई. आन् आज पाया पडला. कामून? तर मी गोल पळलो म्हणून." मायनं तुमचा गार चहा उचलून पुन्हा चुलीवर ठेवला. मला रडू येत होतं आणि तुमच्या ढोपराला बांधलेली हळदीची फडकी बघून हसूही येत होतं.

तुम्ही रजा टाकलीत आणि मुखेडला आत्याकडं निघून गेलात. चार दिवस माणूस दिसला नाही की लोक विसरतील, असा हिशोब. आता यात तुमचा काय दोष? तुम्ही एस.टी.तून उतरलात त्याच दिवशी संध्याकाळी मुखेडला पाऊस झाला. मोठा नाही, पत्रे वाजण्यापुरता. पण बातमी दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीबरोबर आपल्या गावात. आणि तिसऱ्या दिवशी आत्याच्या दारात जीप उभी. आत्या नंतर कितीतरी वर्षं ती नक्कल करून दाखवायची. मालक खाली उतरले, हात जोडून म्हणाले, "ताई, आमचा माणूस वापस द्या." आत्या म्हणाली, "आमच्याकडं बी दुष्काळच हाय. अजून दोन दिवस ऱ्हाऊ द्या त्याला." तुम्ही आत दाराआड पिशवी भरत होतात आणि तुम्हाला हे सगळं ऐकू येत होतं.

त्याच जीपमध्ये तुम्हाला कळलं, की खात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार असा निरोप येऊन पडलाय. दोनच दिवस राहिले होते. किल्ल्यात पोहोचलात तर काय? हौदाच्या काठावर हार, उदबत्त्या, अर्धवट फुटलेले नारळ. चुना घेऊन एक माणूस एका दगडाकडं प्रेमानं बघत उभा. मी तिथंच होते. मला वाटलं, आता तुम्ही काठी उगाराल. तुम्ही हौदाच्या वरच्या पायरीवर चढलात, आणि जे बोललात ते तुमच्या तोंडून ऐकेन असं मला सपनातही वाटलं नव्हतं.

"आयका. पाऊस पाहिजे ना? मग ह्या फेऱ्याचा नेम आयका. किल्ल्यात हार न्हाई, कुंकू न्हाई, नारळ न्हाई. दगडाला बोट न्हाई लावायचं. कुणी माझ्या पाया पडलं की ती फेरी बाद. एक उदबत्ती दिसली, की सगळ्याच फेऱ्या बाद आन् पहिल्यापासून सुरू!"

बाबा, अर्ध्या तासात किल्ला आरशासारखा झाला. निळ्या पाटीनं जे कधी साधलं नव्हतं ते तुमच्या एका खोट्यानं साधलं. मालकांनी स्वतः वाकून करवंट्या वेचल्या. लोकांनी तुम्ही कधी न सांगितलेला कचराही उचलला, कोपऱ्यातल्या बाटल्या उचलल्या, भिंतीवरची बदामं आणि नावं खरवडून काढली. पण आता तुम्हाला पळावं लागणार होतं. पन्नाशीला आलेले तुम्ही, छातीत विडीचा धूर, ढोपराला हळद. रोज सकाळी, सगळं गाव बघतंय, आणि तुम्ही फेऱ्या घालताय. तपासणीचे साहेब आले तेव्हाही तुम्ही पळतच होतात. ते दरवाज्यात थांबले, स्वच्छ किल्ला पाहिला, धावणारा पहारेकरी पाहिला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "अरे, हा तर पळत गस्त घालतो!" तुमच्या पाठीवर थाप मारून ते गेले. भाकर वाचली.

तरी तुम्हाला सुख झालं नाही. आपल्या बाहेरच्या खोलीत बुद्धाचा फोटो होता. तुम्ही रोज त्याच्यासमोर बसून जेवायचात. त्या दिवसांत तुम्ही त्याच्याकडं पाठ करून जेवायला लागलात. मायनं विचारलं तर म्हणालात, "कोणत्या तोंडानं बसू? बापानं सगळे देव खंदकात टाकले, आन् मी स्वतःच देव होऊन बसलो." माय म्हणाली, "लोकांनी किल्ला झाडला, तुमची नोकरी ऱ्हायली. कुणाचं काय गेलं?" तुम्ही म्हणालात, "माझं गेलं." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला गेलात, कारण पायऱ्यांवर माणसं येऊन बसली होती. त्यांना हा व्यायाम आहे असं सांगायची हिंमत तुम्हाला आता होत नव्हती, कारण त्यांच्या घागरी रिकाम्या होत्या.

मग एके सकाळी पाऊस आला. तुम्ही हौदाच्या पलीकडच्या अंगाला होतात, अर्धी फेरी उरलेली. लोक नाचायला लागले, एकमेकांना चिखल फासायला लागले, आणि तुम्ही भिजत हात वर करून ओरडताय, "वारं फिरलं म्हणून आला! समुद्राकडून ढग आले! माझा काही संबंध न्हाई!" कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त मला गेलं. तुम्ही उरलेली अर्धी फेरी पूर्ण केली नाहीत. चालत दरवाज्यापाशी आलात, माझ्या हातातली किटली घेतली आणि पावसाचं पाणी पडलेला तो पांचट चहा उभ्यानं प्यालात. त्यानंतर तुम्ही कधी पळाला नाहीत, एस.टी. सुटत असली तरी नाही. त्या दुपारी मात्र तुम्ही फोटोकडं तोंड करून जेवलात.

पुढं मी शिक्षिका झाले आणि नोकरीभर पोरांना विज्ञान शिकवलं. पाऊस कसा पडतो, हा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर समुद्र काढायचा, वर जाणारे बाण काढायचे, ढग काढायचा, खाली थेंब. कुणी पोरानं विचारलं, "बाई, नवस बोलल्यावर पाऊस पडतो का हो?" तर मी तुमच्याच आवाजात ठणकावून 'न्हाई' म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. मी एकही चुकीचा बाण काढला नाही. तुमची लेक म्हणून हे सांगताना मला लाज वाटते, पण बाबा, एवढं सगळं शिकून आणि शिकवूनसुद्धा, त्या दिवशीचा पाऊस तुम्हीच आणला असं मला मनातून वाटतं. तुम्ही आता नाही म्हणून नव्हे, तर हे वाचून तुम्ही रागवाल म्हणून मी हे पत्र टाकत नाही.